मोहाच्या दिवसांतली चौकशी

मार्च अर्ध्यावर आला की माझं घरात चित्त लागत नाही. आज सकाळी चहा गाळला, कप हातात घेऊन फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. चहा तसाच निवला. चंद्रपूरच्या मूल रोडकडून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन चालली होती आणि ती दिसायच्या आधीच तिच्या टोपलीतल्या मोहफुलांचा वास माझ्या अंगणात येऊन पोचला होता. गोड, जड, थोडासा आंबलेला. ज्यांना तो आवडतो त्यांना फार आवडतो. मला तो आला की काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं आणि मी घरभर फिरत सुटते. शेजारच्या कुंदाताईंनी गच्चीवरून विचारलं, "काही हरवलं काय हो बाई?" मी म्हटलं, "नाही, असंच." त्यांची नात बारावीला आहे. आतून तिचं पाठांतर ऐकू येत होतं, एकच ओळ चार-चार वेळा.

परीक्षा आणि मोह आमच्याकडे एकाच वेळी येतात. पळस तोवर झडत आलेला असतो, रस्त्याच्या कडेला वाळक्या पानांचे ढीग, आणि जंगलात सकाळी जागोजाग धूर. फुलं नीट वेचता यावीत म्हणून लोक झाडाखालचा पाचोळा जाळतात. मग त्या काळ्या, राख झालेल्या जागेवर पिवळट पांढरी फुलं टपटप पडत राहतात. शाळेतली अर्धी मुलं उजाडायच्या आधी मोहाखाली आणि अकराला परीक्षेच्या वर्गात. हातांना तो चिकट वास तसाच. त्या वासाच्या उत्तरपत्रिका तपासल्याचं आमचे गणिताचे सर सांगत आणि आम्ही हसत असू.

मी सांगते आहे ते ऐंशीच्या दशकातलं. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि आमचं कार्यालय अजून दोन्हीकडचं काम चंद्रपुरातूनच बघत होतं. माझ्या हुद्द्याचं नाव होतं वाचा-उपचार शिक्षिका. हे म्हणजे काय, ते मी नोकरीभर समजावत राहिले. कुणाला वाटायचं मी गाणं शिकवते. एका गृहस्थांनी शाळेच्या ओट्यावर बसून अगदी गंभीरपणे विचारलं होतं, की माझ्या बायकोला थोडं कमी बोलायला शिकवाल का. मी म्हटलं, त्या कोर्सला मी नापास झाले होते. मुंबईला दोन वर्षं शिकून आलेली, सव्वीस वर्षांची, जिल्ह्यात आपल्यासारखं दुसरं कुणी नाही हे पक्कं माहीत असलेली बाई. तो तोरा चेहऱ्यावर दिसत असणारच.

आठवड्यातून एकदा मी चंद्रपूरहून अहेरीला जायची. गोंडपिपरी मागे पडली की उन्हाची धग खिडकीतून आत यायला लागायची, सीटचं रेक्झिन पाठीला चिकटायचं, आष्टीजवळ वैनगंगा रोडावलेली दिसायची, आणि आलापल्लीच्या जंगलात गाडी शिरली की तो वास. चार-पाच तास. उतरताना पाय गाडीबरोबर अजून हलतच असायचे. माझा दिवस मुद्दाम बाजाराचा ठेवलेला, कारण त्या दिवशी शाळा निम्मी रिकामी असायची आणि नकाशांच्या खोलीत मला जागा मिळायची. भारताच्या गुंडाळ्या, जगाच्या गुंडाळ्या, एक फुटका पृथ्वीगोल, आणि मध्ये दोन खुर्च्या.

त्यातल्या एका खुर्चीवर सुनंदा बसायची. बारावीतली, अठरा पूर्ण झालेली, उंच, वेणी घट्ट, अक्षर मोत्यासारखं. ती तोतरी बोलायची. दोन वर्षं माझ्याकडे येत होती. लिहिताना, कुणाच्या सोबतीनं मोठ्यानं वाचताना, धाकट्या भावाला रागावताना तिची जीभ सुरळीत चालायची. अडायची ती नेमकी अनोळखी माणसापुढे, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या नावावर. तोतऱ्या माणसांचं हे पुष्कळदा असतं. बाकीचा शब्द अडला तर दुसरा शोधता येतो, नावाला दुसरं नाव कुठून आणणार? 'स' वर तिचे ओठ ताणले जायचे, मान थोडी वर जायची, आणि समोरचा माणूस बहुधा दयेनंच म्हणायचा, "सुमन? सुनीता?" ती नकाराची मान हलवायची. काही वेळा तर सुमनलाच होकार देऊन मोकळी व्हायची.

तिचे वडील मारोतराव जंगलखात्यात नाकेदार होते. खाकी कपडे, हातात काठी, बोलणं थोडं. होळीच्या आधी एका बाजारदिवशी ते नकाशांच्या खोलीत आले आणि खुर्ची असूनही उभेच राहिले.

"बाई, गडचांदूरकडचे लोक येऊन राह्यले पोरीले पाहाले. पोरगा मास्तर हाय. चांगलं ठिकाण हाय."

"तिची परीक्षा आहे ना आता?"

"परीक्षा देईन ना. लगन मे महिन्यात. पन बाई..." त्यांनी खिशातून वहीचा घडी केलेला कागद काढला. "पाहाले आले का पाच-सहा सवालच राह्यते. नाव काय, किती शिकली, रांधता येते का. मी लिवून आनले. तेवढे तुमी बसवून द्या."

गॅदरिंगचा नाच बसवून द्या म्हणावं तसं ते म्हणाले. मला हसू आलं आणि लगेच रागही आला. मी म्हटलं, "आणि लग्नानंतर? सातवा प्रश्न कुणी विचारला तर?"

ते खाली बघत म्हणाले, "याच्या आंधी दोन ठिकानचे येऊन गेले बाई. एका जागचे तं तिच्यासमोरच हासले. माही पोरगी दोन दिवस जेवली नाई. हासू नोका देऊ, एवढंच म्हणून राह्यलो."

मी कागद घेतला.

मुंबईला आमच्या शिक्षिकेनं पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी फळ्यावर लिहून दिल्या होत्या. मुलाबद्दल जे कळेल ते खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही. आणि मुलाला काय येतं, काय येत नाही, याबद्दल कुणाशी खोटं बोलायचं नाही. मी दोन्ही वाक्यं वहीत एकाखाली एक उतरवून घेतली, खाली रेघ मारली. वहीत ती दोन्ही गुण्यागोविंदानं नांदत होती. अहेरीच्या त्या खोलीत मला पहिल्यांदा जाणवलं की यांचं आपसात पटेलच असं काही नाही. पण मी तरुण होते, हातात काम होतं, आणि काम आपल्याला जमतं हे मला माहीत होतं. जमणारं काम समोर आलं की ते करावं की नाही हा विचार मागे पडतो. निदान माझा पडला.

आम्ही तीन बाजारदिवस ते सहा प्रश्न घेऊन बसलो. शब्दाआधी थोडा श्वास सोडायचा. पहिलं अक्षर अलगद धरायचं, त्याच्यावर जोर टाकायचा नाही. 'सुनंदा' असं एकदम नको, 'माझं नाव' म्हणत त्याच वेगात नावावर उतरायचं. 'स्वयंपाक येतो' नको, 'हो, येतो' पुरे. आणि शब्दाशब्दाला उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा हलका ठेका. मी पाहुणी व्हायची, पाहुणा व्हायची, जाड आवाज काढून "रांधता येते का वो?" म्हणायची आणि ती खुदकन हसायची. तिसऱ्या दिवशी तिनं सहाच्या सहा उत्तरं एकदाही न अडता दिली. मी टाळी वाजवली. तिनं टाळी वाजवली नाही. तिला काहीतरी म्हणायचं होतं, ओठ हलले होते, पण बाहेर चंद्रपूरच्या गाडीचा भोंगा वाजला आणि मी पर्स उचलून पळाले.

ती ओठांची हालचाल मी किती वर्षं बघते आहे. त्या वेळी फक्त गाडी चुकेल एवढंच दिसत होतं.

पाहण्याचा कार्यक्रम झाला. मुलगी पसंत पडली. मारोतरावांनी कार्यालयात पोस्टकार्ड टाकलं, 'आपल्या कृपेने.' मी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं.

होळीनंतरच्या आठवड्यात मी चंद्रपूरच्या स्टँडवर अहेरीच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. सकाळचे सातच वाजले होते पण ऊन बाकावर आलं होतं. एक पन्नाशीच्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी.

"तुमीच का त्या अहेरीच्या शाळेत जानाऱ्या बाई?"

त्या मुलाच्या आई होत्या. गडचांदूरहून पहिली गाडी धरून खास मला गाठायला आल्या होत्या. लग्न ठरताना मुलीच्या शाळेत चौकशी करायची, मास्तरांना, बाईंना विचारायचं, ही आमच्याकडची रीतच. कुणी वाईट मानत नाही. त्यांनी पिशवीतून होळीच्या साखरेच्या गाठी काढून माझ्या मांडीवर ठेवल्या आणि शेजारी बसल्या.

"पोरगी चांगली हाय. दिसाले चांगली, वागाले चांगली. पन बाई, बोलली ते असं मोजून-मापून, रेडिओवानी. अन् ताट धरलं होतं ना तिनं, तं बोट हालून राह्यलं होतं. एकेका शब्दाले एकेक बार. मी म्हटलं, हे काय हाय? पोराले इचारलं तं तो म्हणते, काई नाई आई. मले झोप नाई लागून राह्यली. माह्या पोराच्या जलमाचं हाय. खोटं नोका सांगू."

माझं बोट पकडलं गेलं होतं. खरं सांगायचं तर आधी मला त्याचंच वाईट वाटलं, की ठेका इतका दिसेल असा मी शिकवला कसा. मग मी त्या बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत कपट नव्हतं. त्या घाबरल्या होत्या. अशा माणसाला मी काय सांगणार होते? "मला माहीत नाही" म्हणणं म्हणजे खोटं. "घरच्यांना विचारा" म्हणणं म्हणजे आहे काहीतरी, अशी कबुलीच. हे सगळं मी तेव्हा इतकं नीट तोललं, असं नाही. आता तोलते. तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं की आपण नीट समजावून सांगितलं तर या बाईंना पटेल.

आणि मी समजावलं! अर्धा तास. ती अडखळते, पण हा आजार नाही. यात बुद्धीचा काही दोष नाही. जगात कितीतरी माणसं अशी बोलतात आणि संसार करतात. घाई केली नाही तर ती उत्तम बोलते. माझा आवाज छान लागला होता, उदाहरणांवर उदाहरणं येत होती. त्या ऐकत होत्या, मान हलवत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"म्हंजे आमी पाहाले आलो तवा ते बोलनं तुमीच बसवून देलं होतं?"

मी म्हटलं, "हो."

त्या उठल्या. पिशवी काखेत मारली आणि गडचांदूरच्या गाडीकडे चालू लागल्या. गाठी माझ्या मांडीवरच राहिल्या. मी अहेरीची गाडी धरली आणि त्या दिवशी मला बरंच हलकं वाटत होतं. खरं बोलले होते, लपवाछपवी संपली होती, आता जे होईल ते सरळ होईल. खिडकीतून मोहाचा वास येत होता आणि तो मला चक्क आवडला. त्या दिवशी सुनंदाचा पेपर होता म्हणून मी तिला भेटलेही नाही. भेटायचं टाळलं, असंही म्हणता येईल.

नंतर नोकरीत माझ्याकडे अशा चौकशा पुष्कळ आल्या. मुलांच्या, मुलींच्या, कुणाला कामावर घ्यायचं म्हणून, कुणाला सून करायचं म्हणून. मी ठरवून टाकलं होतं, एकच उत्तर द्यायचं, "तिलाच विचारा", "त्यालाच विचारा." चांगलं उत्तर आहे. पण त्यावर समोरचे लोक एकमेकांकडे बघतात आणि काय समजायचं ते समजतात. एका मुलाची दुकानातली नोकरी माझ्या त्या चांगल्या उत्तरानंच गेली असावी, असा मला अजून संशय आहे. म्हणजे बोललं तरी लागतं, न बोललं तरी लागतं. निवृत्त झाल्यावर हे प्रश्न सुटतील असं वाटलं होतं. ते सुटले नाहीत, फक्त विचारणारं कुणी उरलं नाही. मग मार्चमध्ये मीच मला विचारत अंगणात फेऱ्या घालते.

परीक्षा संपली त्या आठवड्यात मी शेवटची अहेरीला गेले. त्यानंतर सुट्टीच होती. शाळेच्या फाटकात मारोतराव उभे होते. नेहमीसारखी काठी हातात. त्यांना निरोप आला होता. गडचांदूरच्या लोकांनी माझं नाव सांगून लग्न मोडलं होतं.

"तुमी असं काऊन केलं बाई?"

अशी वेळ आलीच तर म्हणून मी वाटभर उत्तरं तयार केली होती. खोट्यावर उभं राहिलेलं लग्न कधी ना कधी पडलंच असतं, वगैरे. त्यातलं एक मी सुरू केलं. त्यांनी ऐकून घेतलं, शेवटी म्हणाले, "ते तुमचं बराबर असंन," आणि निघून गेले. ते भांडले असते तर बरं झालं असतं.

सुनंदा नकाशांच्या खोलीत बसून होती. तिच्या बोटांना मोहाचा चिकटपणा होता, नखांत राख. सकाळी वेचायला गेली असणार. मी खुर्ची ओढली आणि तिला धीर द्यायला लागले. तिनं हात वर करून मला थांबवलं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

मग ती बोलली. ठेका नव्हता, श्वास आधी सोडणं नव्हतं, मी शिकवलेलं काहीच नव्हतं. एकेका शब्दावर अडत, मान वर ताणत, लाल होत ती बोलत गेली. मी ते सगळं अडखळणं इथे लिहीत नाही. फक्त काय म्हणाली ते सांगते.

पाहण्याच्या दिवशी, सहा प्रश्न झाल्यावर, तिला आणि त्या मुलाला मागच्या परसात दहा मिनिटं बोलू दिलं होतं. त्यानं विचारलं होतं, पुढे काय शिकायचं आहे. हा सातवा प्रश्न होता, तो बसवलेला नव्हता. "मी बोट नाई हालवलं, बाई. ताट ठेवून देलं होतं." ती अडली. खूप वेळ अडली. तो तिच्यापुढे उभा राहिला. त्यानं तिचा शब्द पुरा केला नाही, खाली पाहिलं नाही, हसला नाही. थांबला. तिचं बोलून झाल्यावर म्हणाला, असं हाय तं हाय. आईले मी सांगतो, माह्या पद्धतीनं, थोडा वेळ लागन. तिनं बरं म्हटलं.

म्हणजे ज्याला कळायला हवं होतं त्याला कळलं होतं. तिनंच सांगितलं होतं. आणि तो घरी योग्य वेळ शोधत असताना त्याच्या आईला ते स्टँडवरच्या बाकावर माझ्या तोंडून कळलं. पोरगाही आपल्याशी खोटं बोलला, हे त्या बाईंना लागलं. त्यांनी घरात अन्नपाणी सोडलं. आणि तो मुलगा गप्प बसला.

इतकी वर्षं मी माझ्या बाजूनं वकिली करत आले आहे. जो आईपुढे पहिल्याच फेरीत गप्प बसला तो पुढे काय उभा राहणार होता, असं मी स्वतःला सांगते. त्यात तथ्य असेलही. पण त्याला उभं राहायचं असेल तर त्याचा दिवस त्यानं निवडायचा होता. मी घाईनं त्याला ढकललं आणि पडला म्हणून नावं ठेवली. असं मनात आलं की मी पुन्हा उठते, फाटकापर्यंत जाते, परत येते.

मी तिला म्हटलं, "मी गडचांदूरला जाते. त्या बाईंना भेटते. सगळं नीट समजावून सांगते."

"नोका," ती म्हणाली. हा शब्द अजिबात अडला नाही.

बाहेर चंद्रपूरच्या गाडीचा भोंगा वाजला. माझा हात सवयीनं पर्सकडे गेला. सुनंदा अजून बोलत होती, 'स' वर अडली होती, ओठ ताणलेले, डोळे माझ्यावर. मी पर्स सोडली आणि बसून राहिले. भोंगा पुन्हा वाजला, मग गाडी निघाल्याचा आवाज आला.

"सांगतलं ते तुमी खरंच सांगतलं, बाई," तिनं शेवटी वाक्य पुरं केलं. "पन ते सांगाचं माहं होतं."